धुराड्यातलं क्रिओसोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली की हे प्रश्न यायला लागतात. सोबत बहुतेक वेळा मोबाईलच्या उजेडात काढलेला धुराड्याच्या तोंडाचा काळाकुट्ट फोटो असतो आणि खाली एकच ओळ: "हे ठीक आहे का?" फोटो पाहून "ठीक आहे" असं मी आजवर कोणालाही कळवलेलं नाही. फोटोत दिसतो तो खालचा हातभर भाग, आणि खरा थर बहुधा त्याच्या पुष्कळ वर असतो. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे थेट जाता येईल.

१. क्रिओसोट म्हणजे नक्की काय? काजळीच ना?

काजळी त्यात असते, पण काजळी म्हणजे क्रिओसोट नव्हे. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू बाहेर पडतात, आणि ज्वाळा दिसते ती या वायूंची. ते पुरते जळले तर वर फारसं काही जात नाही. अर्धवट जळले तर धूर होतो, आणि त्या धुरात पाण्याची वाफ, डांबराचे बारीक थेंब, आम्लं आणि कार्बनचे कण असतात. हा धूर वर जाताना निवत जातो. साधारण १२० अंश सेल्सियसच्या खाली आला की, उकळत्या भांड्याच्या झाकणाला आतून पाणी धरावं तसा, तो धुराड्याच्या भिंतीला धरतो. आधी ओघळ असतो, मग खपली होते, आणि पुन्हापुन्हा तापून घट्ट थर तयार होतो. नुसती काजळी बोटाने पुसली जाते. क्रिओसोट पुसायला गेलात तर बोटालाच चिकटतं.

२. रेल्वेच्या लाकडी स्लीपरना लावतात ते हेच का?

नाही. ते दगडी कोळशाच्या डांबरापासून काढतात. नाव मात्र मुळात लाकडाच्या डांबरातून आलं. १८३०च्या सुमारास कार्ल रायशेनबाख या जर्मन रसायनतज्ज्ञाने बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या डांबरातून हा पदार्थ वेगळा केला. ग्रीकमधून घेतलेल्या या नावाचा अर्थ होतो "मांस टिकवणारं". धुरी दिलेलं मांस का टिकतं, याचं उत्तर त्या नावातच आहे.

३. धुराडं काळं असणारच. साचलं तर बिघडतं काय?

पहिली गोष्ट, ते पेटतं. साधारण २३० अंशांच्या आसपास क्रिओसोट आग धरू शकतं, आणि धुराड्यातली आग हजार अंशांच्या वर जाऊ शकते. त्या धगीत मातीच्या लायनरला, म्हणजे धुराड्याच्या आतल्या अस्तराला, तडे जातात, सांध्यांतला चुना-सिमेंट झडतो, पत्र्याचा लायनर वाकतो. धुराड्याला लागून घराचं लाकूडकाम असेल तर त्या तड्यांतून आग तिथवर पोचते.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: थराने नळी अरुंद होते, धूर वर खेचणारी ओढ कमी होते, आणि धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड खोलीत परततो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, मळमळ आणि झोप, एवढीच त्याची ओळख; आणि थंडीच्या रात्री शेकत बसलेल्या माणसाला झोप आली तर कोण संशय घेणार? म्हणून ज्या घरात लाकूड जळतं तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असायलाच हवा. धुराचा अलार्म वेगळा, तोही हवा.

तिसरी गोष्ट सावकाश होणारी आहे. या थरातली आम्लं ओलावा मिळाला की गिलावा आणि लोखंड दोन्ही खात राहतात.

४. माझ्याकडे कोणत्या प्रकारचं साचलंय हे कसं ओळखू?

आग पूर्ण विझून सगळं गार झाल्यावर आत डोकावा आणि निखारे सारायच्या सळईने भिंत खरवडून बघा.

सळई फिरताच काळी पूड भुरभुर पडली, तर ही पहिली अवस्था. ब्रशने निघते.

कुरकुरीत, चमक असलेल्या खपल्या निघाल्या, अगदी काळ्या कॉर्नफ्लेक्ससारख्या, तर दुसरी अवस्था. ब्रशने निघते, पण जोर लागतो आणि वेळही.

सळई घसरली, चरा पडला पण काही सुटलं नाही, आणि भिंत वार्निश दिल्यासारखी किंवा वितळलेलं डांबर ओघळून गोठल्यासारखी दिसली, तर तिसरी अवस्था. याला काचथर म्हणू. इथे ब्रश पुरत नाही. पुढे प्रश्न १३ पाहा.

एकाच धुराड्यात तिन्ही अवस्था सापडू शकतात. खाली पूड आणि वर, जिथे नळी सगळ्यात गार असते तिथे, काचथर, हे नेहमीचं चित्र आहे.

५. किती जाड झालं की साफ करायचं?

पूड किंवा खपल्या ३ मिलिमीटरपर्यंत आल्या की. ६ मिलिमीटर झाल्या असतील तर साफ होईपर्यंत काडी ओढू नका. काचथर असेल तर जाडी मोजत बसू नका, तो कितीही पातळ असला तरी काढायचा.

मोजायचं एकाच जागी नाही. नळीतल्या झडपेच्या मागे, धुराड्याच्या तळाशी असलेल्या धूर-कट्ट्यावर आणि जमत असेल तर वरच्या टोपीच्या जाळीवर पाहा.

६. वर्षातून एकदा साफ केलं की झालं ना?

वर्षातून एकदा *तपासणी*. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं २११ क्रमांकाचं मानक तेवढंच सांगतं: तपासणी दरवर्षी, सफाई आणि दुरुस्ती गरजेप्रमाणे. "गरजेप्रमाणे" हा शब्द लोक सोयीने गाळतात. सणासुदीला चार वेळा पेटणाऱ्या फायरप्लेसला दोन वर्षं ब्रश लागला नाही असं होऊ शकतं. ओल्या लाकडावर रोज चालणारा स्टोव्ह, म्हणजे लाकूड जाळायची दाराची बंद लोखंडी शेगडी, काही आठवड्यांतच ३ मिलिमीटर गाठतो. नवा स्टोव्ह, नवं लाकूड किंवा नवं धुराडं असेल तर पहिल्या मोसमात दर महिन्याला पाहा. मग तुमचा वेग तुम्हाला कळेल.

७. विकणारा तर "सुकं" म्हणूनच देतो. लाकूड खरंच सुकलंय हे कसं कळणार?

ओलावा मोजायचं लहान यंत्र मिळतं, ते घ्या. पण दोन टोकं ओंडक्याच्या बाहेरच्या बाजूला टोचून आकडा वाचू नका, बाहेरून सगळंच सुकं असतं. ओंडका फोडा आणि नुकत्या उघड्या पडलेल्या आतल्या बाजूवर, रेषांच्या दिशेने टोचा. २० टक्क्यांच्या आत हवं.

यंत्र नसेल तर कान आणि हात वापरा. दोन सुके तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजतात, ओले थप् करतात. सुक्याच्या टोकांना केंद्रातून बाहेर जाणाऱ्या भेगा असतात, साल सैल असते, आणि आकाराच्या मानाने ते हलकं लागतं. आगीत टाकल्यावर टोकाशी फेस येऊन सूं-सूं आवाज आला तर निकाल लागला: ते ओलं आहे.

ताज्या तोडीच्या झाडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकतं. प्रत्येक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता जाते, आणि ती आगीतूनच जाते. आग निवते, वायू अर्धवट जळतात, धूर गार आणि ओला होऊन वर जातो. क्रिओसोटला आणखी काय हवं?

सुकवायचं तर आधी फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि *बाजू उघड्या ठेवून* रचा. मऊ लाकडाला सहा महिने ते वर्ष, ओकसारख्या कठीण लाकडाला दोन वर्षंही लागतात. पहिल्या वर्षी मी अख्ख्या ढिगाला ताडपत्री गुंडाळून, चारही बाजूंनी दोरीने आवळून ठेवली होती. फार नीटनेटकं दिसत होतं. आठ महिन्यांनी सोडलं तर आत बुरशी आणि यंत्रावर २८. ढिगाला छत्री द्यायची असते, रेनकोट घालायचा नसतो.

८. पाइनसारख्या चिकाच्या लाकडाने धुराडं लवकर भरतं म्हणे. खरं का?

हा समज इतका पक्का आहे की त्यावरून मला रागावून पत्रं आली आहेत. तरी सांगतो: चिकापेक्षा पाणी कितीतरी जास्त बाधतं. सुकलेलं पाइन ओल्या ओकपेक्षा स्वच्छ जळतं. उत्तरेकडच्या अतिथंड प्रदेशांत सूचिपर्णी झाडांखेरीज फारसं काही उगवतच नाही. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच जाळत आले आहेत.

समजामागे एक कारण मात्र आहे. मऊ लाकूड भडकन पेटतं, खोली एकदम तापते, म्हणून माणूस हवेची झडप बंद करतो आणि आग धुमसायला लागते. दोष त्या झडपेचा, आणि तोच पुढचा प्रश्न आहे.

९. रात्रभर विस्तव टिकावा म्हणून झोपताना स्टोव्ह भरून हवा बंद करतो. चूक काय त्यात?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि मला विचाराल तर बहुतेक क्रिओसोटही याच सवयीतून येतं. लाकडातले वायू नीट जळायला सुमारे ६०० अंश उष्णता आणि भरपूर हवा लागते. तुम्ही लाकूड भरपूर घालता आणि हवा काढून घेता. लाकूड तापत राहतं, वायू सुटत राहतात, पण ज्वाळा नसते. सहा-सात तास तो सगळा ऐवज गार होत चाललेल्या नळीत चढतो. सकाळी स्टोव्हच्या दाराची काच काळी दिसते. नळीही आतून तशीच झालेली असते, फक्त ती तुम्हाला दिसत नाही.

आग नीट जळते आहे का, हे बाहेर अंगणात उभं राहून कळतं. पेटवल्यावर वीसेक मिनिटांनी धुराड्याकडे पाहा. वर जवळजवळ काहीच दिसत नसेल, फक्त हवा थरथरताना दिसत असेल, तर उत्तम. पांढरं निघून हातभर अंतरावर विरत असेल तर ती वाफ आहे. निळसर-करडा धूर लांबवर रेंगाळत खाली उतरत असेल, तर डांबर चाललंय.

एकेरी पत्र्याची नळी असेल तर स्टोव्हच्या वर साधारण ४५ सेंटिमीटरवर चुंबकाचा तापमापक चिकटवा. पृष्ठभागाचा आकडा १२० ते २४० अंशांच्या दरम्यान राहू द्या. दुहेरी भिंतीच्या नळीला हा तापमापक फसतो, बाहेरची भिंत गारच असते. तिथे आत जाणारा खुपसणीचा तापमापक लागतो.

रात्रीसाठी करायचं ते असं: झोपण्याच्या तासभर आधी शेवटचं लाकूड घाला, ज्वाळा धरू द्या, ते कोळशावर येऊ द्या आणि मग हवा कमी करा. निखाऱ्यांतून डांबर फारसं निघत नाही, कारण वायू आधीच जळून गेलेले असतात. पण निखारे जिवंत असताना नळीची झडप पूर्ण बंद करू नका, कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त तेव्हाच होतो.

१०. आमची फायरप्लेस उघडी आहे, स्टोव्ह नाही. मग काळजी नको ना?

कमी, पण आहे. उघड्या आगीला हवा मनसोक्त मिळते आणि धूर पातळ होतो. पण तीच जादा हवा नळी गारही ठेवते. लाकूड ओलं असेल तर उघडेपणाचा काही उपयोग नाही.

११. जुन्या फायरप्लेसमध्ये इन्सर्ट (उघड्या फायरप्लेसच्या आत बसणारा बंद स्टोव्ह) बसवला, तेव्हापासून धुराडं झपाट्याने भरतंय. इन्सर्ट सदोष आहे का?

इन्सर्टला दोष देण्याआधी त्याची नळी कुठे संपते ते पाहा. पूर्वी उघड्या आगीसाठी बांधलेलं धुराडं ऐसपैस असतं. इन्सर्टमधून निघणारा धूर थोडा असतो. तो त्या मोठ्या पोकळीत सोडला की पसरतो, रेंगाळतो, गार होतो आणि भिंतीला धरतो. उपाय म्हणजे इन्सर्टच्या तोंडाच्या मापाचा, शक्यतो उष्णतारोधक वेष्टन असलेला लायनर, थेट टोपीपर्यंत. धुराडं घराच्या बाहेरच्या भिंतीला असेल आणि तीन बाजूंनी थंडी खात असेल, तर ते वेष्टन चैन समजू नका.

१२. मीठ, बटाट्याची सालं, क्रिओसोट घालवणारे ओंडके, पावडरी... यातलं काय चालतं? आणि मोठा जाळ करून सगळं जाळून टाकलं तर?

शेवटचं आधी: कधीही नाही. साचलेला थर जाळून टाकणं म्हणजे मुद्दाम धुराड्याला आग लावणं. स्वच्छ धुराड्यात रोजची आग सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं जोरात चालू देणं चांगलंच, पण ते थर बसू नये म्हणून. बसलेला घालवायला नव्हे.

विकत मिळणारे ओंडके आणि पावडरी थर ठिसूळ करायला मदत करतात. पण ठिसूळ झालेला थर कुठे जात नाही, तो भिंतीवर राहतो किंवा धूर-कट्ट्यावर पडतो. ब्रश फिरवावाच लागतो. सालं आणि अ‍ॅल्युमिनियमचे डबे या ऐकीव गोष्टी. मीठ तर नकोच, त्यातला क्लोरीन पत्रा खातो. समुद्रावर वाहून आलेलं लाकूडही याच कारणासाठी जाळू नये.

१३. ब्रश फिरवला, पण काचेसारखा थर तसाच आहे. आता?

आता जाणकाराला बोलवा. काचथरावर रसायन मारून तो काही दिवसांत ठिसूळ करतात, किंवा फिरत्या साखळ्यांनी ठोकून काढतात. साखळ्यांचं काम नवशिक्याने केलं तर थराबरोबर लायनरही जातो. कधीकधी थर इतका बसलेला असतो की लायनर बदलणंच शहाणपणाचं ठरतं. तोवर फायरप्लेस बंद.

आणि मग प्रश्न ७ आणि ९ पुन्हा वाचा. काचथर आपोआप येत नाही. नवा लायनरही त्याच सवयींनी पुन्हा तसाच होईल.

१४. साफसफाई स्वतः केली तर चालेल का?

पहिल्या दोन अवस्था, सरळ नळी आणि छपरावर सुरक्षित चढता येत असेल किंवा खालूनच काम होत असेल, तर चालेल. मातीच्या लायनरला तारेचा ब्रश, स्टेनलेस स्टीलच्या नळीला प्लॅस्टिकच्या केसांचा. ब्रश नळीच्या मापाचाच हवा. लहान ब्रश नुसता फिरून येतो आणि समाधान देतो. फायरप्लेसचं तोंड प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीने बंद करा. घरच्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ही पूड ओढू नका, तो ती बारीक करून खोलीभर उडवतो.

हातमोजे, चष्मा आणि कण अडवणारा मास्क घाला. १७७५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी झाडणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. कामामुळे होणाऱ्या कर्करोगाची ती पहिली नोंद मानतात. तिथे बळी जाणारी बहुतेक लहानपणी नळ्यांत चढवलेली मुलं होती.

एक गोष्ट स्वतःला जमत नाही: लायनरची आतली तपासणी. त्याला कॅमेरा लागतो.

१५. धुराड्याला आग लागली हे कळतं कसं? तेव्हा काय करायचं?

आवाजावरून. घराशेजारून रेल्वे किंवा विमान जावं तशी घरघर, नळीची थरथर, वर ठिणग्या किंवा ज्वाळा, आणि जळक्या डांबराचा घशात बसणारा वास.

सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा. स्टोव्हचं दार बंद करणं किंवा हवेची झडप लावणं जाता जाता, हात न पोळता होत असेल तर करा. त्यासाठी थांबू नका. आग आपोआप शमली तरी दलाला येऊ द्या. भिंतीच्या आत धुमसणारं लाकूड तुम्हाला बाहेरून दिसणार नाही.

१६. वरून बादलीभर पाणी ओतलं तर विझणार नाही का?

तापलेल्या मातीच्या लायनरवर गार पाणी पडलं की तो तडकतो, आणि वाफ उलटी तुमच्या अंगावर येते. नको.

१७. आग लागून गेली आणि आम्हाला कळलंच नाही, असं होऊ शकतं?

हो, होतं. हवा कमी असली की अशी आग आवाज न करता हळू जळते, आणि नुकसान मोठ्या आगीइतकंच करते. खुणा शोधा: फुगलेलं, मधाच्या पोळ्यासारखं सच्छिद्र क्रिओसोट, छपरावर किंवा अंगणात पडलेल्या काळ्या खपल्या, वाकलेली झडप, रंग उडालेली किंवा वेडीवाकडी टोपी, तळाशी पडलेले लायनरचे तुकडे. यातलं एकही दिसलं तर तपासणी होईपर्यंत काडी ओढू नका.

१८. फायरप्लेस महिनोन्‌महिने बंद आहे, तरी दमट दिवसांत घरात जळका वास येतो.

थर ओलावा पितो आणि वास सोडतो, आणि घरातले पंखे बाहेर हवा फेकत असले तर धुराड्यातली हवा खाली ओढली जाते. मोसम संपताच सफाई करा, पुढच्या मोसमाची वाट पाहू नका. टोपी आणि झडप नीट बसते का तेही बघा.

१९. घर नुकतंच घेतलं. आधीचे काय जाळत होते ठाऊक नाही.

मग कॅमेऱ्याने पूर्ण तपासणी करून घ्या. वर सांगितलेलं २११ क्रमांकाचं मानकही घर हस्तांतरित होताना साध्या पाहणीच्या पुढची, दुसऱ्या पातळीची तपासणी सांगतं. विकणाऱ्याचं "आम्ही कधी पेटवलीच नाही" हे वाक्य मी बऱ्याच काळ्या धुराड्यांखाली उभं राहून ऐकलंय.

२०. लाकडात ओलावा १२ टक्के, हवा मोकळी, लायनर नवा. तरी भरतंय. आता कुठे चुकतंय?

ही तक्रार क्वचित येते, पण येते. तीन गोष्टी पाहा.

एक, लाकूड फार सुकं आणि बारीक असेल, म्हणजे सुतारकामाचे उरलेले तुकडे वगैरे, तर ते एकदम भरू नका. सगळ्यातून एकाच वेळी वायू सुटतात, तेवढी हवा आत येऊ शकत नाही आणि कोरड्या लाकडाचाही धूर होतो. थोडे मोठे ओंडके मिसळा.

दोन, घर फार हवाबंद असेल तर आगीला हवा कुठून मिळणार? स्वयंपाकघरातला पंखा बंद करून आणि खिडकी बोटभर उघडून एक दिवस चालवून पाहा. फरक पडला तर बाहेरून हवा आणायची सोय करावी लागेल.

तीन, टोपीची जाळी. माझ्या स्वतःच्या धुराड्याने एका मोसमात मला असंच छळलं. लाकूड तपासलं, झडप तपासली, नळी दोनदा झाडली, तरी आग मरगळलेली. शेवटी शिडी लावून वर गेलो, तर ठिणग्या अडवायच्या बारीक जाळीची भोकं डांबराने बुजलेली. बोट फिरवलं तर सपाट लागत होतं. सकाळी थंडीत आग पेटवताना जो पहिला गार धूर निघतो, तो रोज तिथेच थोडा थोडा बसत होता. जाळी काढून घासली आणि त्याच संध्याकाळी आग पूर्वीसारखी धडधडून पेटली.